पत सांभाळून फोटो: अडचणीच्या काळातलं छोटं गाव कसं टिपायचं

फोटो चांगला होता, तीच भानगड झाली. रिकाम्या फळ्यांची रांग, मधोमध स्टुलावर बसलेला दुकानदार, दारातून आलेली उन्हाची तिरकी पट्टी त्याच्या गुडघ्यावर. खाली मी लिहिलं, ‘मंदीत रिकामं झालेलं दुकान’. फोटो फिरला, लोकांनी वाहवा केली. दोन आठवड्यांनी प्रिंट द्यायला गेले तर त्या माणसाने ती हातातही घेतली नाही. फळ्या रिकाम्या होत्या कारण त्या दिवशी तो त्या रंगवत होता. माल मागच्या खोलीत होता. धंदा मंद होता हे खरंच होतं. पण ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून तो उधारीवर माल उचलायचा त्याने फोटो पाहिला आणि जुनी बाकी मागितली. नवा माल आता रोखीने. मग फळ्या खरोखरच रिकाम्या झाल्या.

त्याआधी बरीच वर्षं मी लग्नांचे फोटो काढत होते. लग्नात सगळं आहे त्याहून थोडं भारी दिसायला हवं असतं. मंदीतल्या गावात गेल्यावर मी तीच सवय उलटी करून वापरली, एवढंच. सगळं आहे त्याहून थोडं वाईट दिसू लागलं. या कामाला पहिल्यांदा निघालेला जवळपास प्रत्येकजण हेच करतो. ते टाळायच्या काही रीती मी ठेचा खात शिकले, त्या इथे लिहिते.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. छोट्या गावात हातात पैसा खेळेनासा झाला म्हणून व्यवहार थांबत नाहीत; तिथून पुढे पत चालते. दुकानदार वहीत लिहून माल देतो, त्याला घाऊकवाला लिहून देतो, शिंप्याची शिलाई पुढच्या महिन्यावर जाते, घरमालक भाड्यासाठी थांबतो. सगळं ‘हा माणूस बुडवणार नाही’ या भरवशावर. मोठ्या शहरात तुमचा फोटो बघणारा बहुधा अनोळखी असतो. छोट्या गावात बघणाऱ्यांपैकी निम्म्यांचं तुम्ही देणं लागता, नाहीतर ते तुमचं. त्यामुळे अडचणीतला माणूस अडचण दाखवत नाही, ती झाकायला कष्ट घेतो. कडक इस्त्रीचा सदरा, झाडलेला उंबरा, पुसलेली काच. नवख्या फोटोग्राफरला ही झाकपाक आड येते असं वाटतं. मला आता वाटतं, विषय तीच आहे.

जायच्या आधी

एकच गाव घ्या, आणि पहिल्यांदा शक्यतो एकच धंदा. ‘ग्रामीण जीवन’ असा विषय घेऊन गेलात तर म्हातारे चेहरे, अनवाणी पोरं आणि तुटक्या भिंती घेऊन परत याल.

या कामाचा सगळ्यात मोठा नमुना अमेरिकेतला आहे. महामंदीच्या काळात तिथल्या सरकारने १९३५ मध्ये शेतकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी एक खातं काढलं. १९३७ पासून ते फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन झालं. त्याच्या फोटो विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर. हा फोटोग्राफर नव्हता, अर्थशास्त्र शिकवायचा. त्याच्या विभागातला फोटोग्राफर कार्ल मायडन्स दक्षिणेत कापसावर काम करायला निघाला तेव्हा स्ट्रायकरने विचारलं, कापसाबद्दल काय माहीत आहे? फारसं काही नाही, असं उत्तर आलं. मग निघणं बाजूला राहिलं आणि स्ट्रायकर त्याला रात्र होईपर्यंत कापूस समजावत बसला: पीक म्हणून, व्यापाराचा माल म्हणून, त्याने दक्षिणेचं काय केलं तेही.

माझा कापूस म्हणजे शिंप्याचं दुकान. पहिल्या भेटीत ते गजबजलेलं दिसलं म्हणून ‘इथे बरं चाललंय’ असं मी धरून चालले होते. तासभर बसल्यावर कळलं की उलटं आहे. बरे दिवस असले की लोक नवं शिवतात, वाईट दिवसांत जुनं दुरुस्त करतात. झिजलेली कॉलर उसवून उलटी लावायची, पोराच्या पँटची दुमड सोडायची, मोठ्याचा सदरा धाकट्याला बसवायचा. गर्दी असते, गल्ला नसतो. हे माहीत नसतं तर मी हसऱ्या गिऱ्हाइकांचे फोटो घेऊन निघून आले असते. माहीत झाल्यावर माझं लक्ष शाळेच्या पँटींकडे गेलं. दुमड सोडली की खाली जुन्या घडीची रेष राहते, धुऊनही जात नाही. एका पँटवर तशा दोन रेषा होत्या. त्या कामातला माझा सगळ्यात आवडता फोटो तो आहे, आणि त्यात माणूसच नाही.

स्ट्रायकर आपल्या लोकांना काय बघायचं याच्या याद्या पाठवायचा. छोट्या गावासाठीच्या यादीत दुकानं बाहेरून आणि आतून, रस्त्यावर गप्पा मारत रेंगाळणारी माणसं, वाट बघत थांबलेल्या बायका असे विषय होते. त्याहून मोलाचे त्याचे प्रश्न. लोक भेटतात कुठे? वेगवेगळ्या कमाईच्या घरांत संध्याकाळ कशी जाते? निघण्यापूर्वी असे दहा-बारा प्रश्न वहीत लिहा. ‘बेकार तरुण’ हा विषय झाला. ‘काम नसलेला माणूस सकाळी अकरा वाजता कुठे असतो?’ हा प्रश्न झाला, आणि त्याचं उत्तर कॅमेऱ्याने देता येतं.

गावात शिरताना

वाईट दिवसांत वही घेऊन फिरणारी अनोळखी बाई दिसली की लोक दोनच तर्क करतात: वसुलीवाली, नाहीतर सर्वेवाली. दोघींशीही कुणी खरं बोलत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून कॅमेरा गळ्यात, सगळ्यांना दिसेल असा. लपवू नका. मात्र पहिले एक-दोन दिवस तो डोळ्याला लावूही नका. कोण आहात, कशासाठी आलात, कोण पैसे देतंय हे कुणी विचारायच्या आधीच सांगून टाका.

स्ट्रायकरच्या विभागातली फोटोग्राफर डोरोथिया लँग हिला लहानपणी, सात वर्षांची असताना पोलिओ झाला होता. ती थोडी लंगडत चालायची. त्या चालीमुळे लोक आपल्याला लवकर जवळ करतात असं तिचं म्हणणं होतं. दारात गेली की ती प्यायला पाणी मागायची आणि ते सावकाश, बराच वेळ लावून प्यायची. ही युक्ती म्हणून करू नका, कळते. पण तिच्यामागचा हिशेब शिकण्यासारखा आहे: आधी तुम्ही मागणारे व्हा, समोरच्याला देणारा होऊ द्या.

आणि घाई नको. ख्रिस किलिप या ब्रिटिश फोटोग्राफरला उत्तर इंग्लंडमधल्या लाइनमथच्या किनाऱ्यावर, समुद्रातून वाहून येणारा कोळसा गोळा करून जगणाऱ्यांचे फोटो काढायचे होते. १९७६ मध्ये गेला तेव्हा त्यांनी हाकलून दिलं. पुन्हा गेला, पुन्हा तेच. १९८२ मध्ये कुठे त्यांनी जवळ येऊ दिलं, आणि मग तो तिथे कॅरव्हॅन ठेवून त्यांच्यात राहिला. आपल्याला सहा वर्षं थांबायला जमेलच असं नाही, पण ‘शनिवार-रविवारी जाऊन येते’ या कामाला मंदीवरचं काम म्हणू नये.

परवानगी मागताना ‘एक फोटो काढू का?’ एवढ्याने भागत नाही. होकार बहुतेकजण भिडेपोटी देतात. त्या दुकानानंतर मी एक प्रश्न ठरवून विचारते: ‘ज्याचं तुमच्याकडे येणं आहे त्याने हा फोटो पाहिला तर चालेल का?’ लोक आधी हसतात, मग विचार करतात. कधी म्हणतात, ‘चालेल, पण ती वही उचलते.’ उचलू द्यावी. तुमचा फोटो थोडा कमी बोलका होईल, त्यांचा महिना सुखाचा जाईल. मदतीसाठी लागलेल्या रांगेत मी चेहरे घेतच नाही. पिशव्या, चपला, टोकनावर घट्ट मिटलेली बोटं घेते. हे काही सगळ्यांना पटत नाही. मला पटतं.

काय बघायचं

चेहऱ्यावर मंदी शोधू नका. उन्हात डोळे बारीक केलेला कुठलाही माणूस दुःखी दिसतो. सुखी माणसाचेही तसे शंभर फोटो मी काढून दाखवीन. पुढे ढकललेली कामं शोधा. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या आणि गंजून गेलेल्या शिगा. अर्ध्यावर थांबलेला रंग, म्हणजे पुढची भिंत रंगवलेली आणि बाजूची तशीच. दोऱ्याने बांधलेली चष्म्याची काडी. औषधाच्या दुकानात कात्रीने कापलेली गोळ्यांची पट्टी, कारण गिऱ्हाईक चारच दिवसांच्या गोळ्या मागतं. पाटीवर मुलाचं नाव रंगवलेलं, मुलगा शहरात. दिवसा बंद ठेवलेला दिवा आणि दाराकडे ओढून घेतलेली शिलाई मशीन. न्हाव्याकडची रिकामी दुसरी खुर्ची, जिच्यावर आता वर्तमानपत्रं साठतात. स्ट्रायकरच्याच विभागातला फोटोग्राफर रसेल ली याने १९३६ मध्ये आयोवातल्या एका शेतकरीण बाईचे फक्त हात टिपले. गाठी आलेले, कामाने वाकलेले. चेहरा नाही म्हणून काही अडत नाही.

याच लीने १९४० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या पाय टाउन या लहानशा वस्तीत शेकडो फोटो काढले. धुळीच्या वादळांनी आणि दुष्काळाने उठवलेली माणसं तिथे नव्याने घरं बांधत होती. त्या फोटोंत कष्ट आहेत तसेच नाच आहेत, सामुदायिक गाणं आहे, जेवणाच्या पंगती आहेत. अडचणीतल्या गावात हसणं असतं, भांडणं असतात, कुणीतरी नटून बसस्टॉपवर उभं असतं. हसणारा फोटो विषयाला धरून नाही म्हणून बाजूला काढलात तर तुम्ही गावाबद्दल खोटं बोलताय. मी पहिल्या वर्षी असे कितीतरी काढून टाकले. चूक होती.

संध्याकाळ सोडू नका. दिवसा गाव धंद्याचा चेहरा लावून बसलेलं असतं; शटर अर्धं खाली आलं की हिशेब सुरू होतात. मला सगळ्यात जास्त फोटो त्या अर्ध्या शटरच्या तासात मिळाले, अर्थात आत बसायची परवानगी मिळाल्यावर.

कॅमेरा

यावर थोडकंच सांगते, कारण लोक इथेच जास्त वेळ घालवतात. एक कॅमेरा, एक लेन्स, ३५ मिमी. त्याहून वाइड गेलात तर दुकान असतं त्याहून मोठं आणि माणूस एकटा दिसतो. लांब लेन्सने चोरून काढल्यासारखं होतं, आणि ते फोटोत उमटतं. लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ५.६ ते ८. पार्श्वभूमी धूसर करायचा मोह आवरा. मागच्या फळीवर काय आहे, कॅलेंडर कुठल्या महिन्यावर अडलंय, हाच तर मजकूर आहे. मोबाइल असेल तर पोर्ट्रेट मोड आणि चेहरा गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद. आत अंधार असेल तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, १६०० किंवा ३२०० करा. दाणे दिसू देत. काम करणाऱ्या हातांना शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली नको. दारातून येणाऱ्या उजेडाला एक्स्पोजर धरलं तर सावलीतला माणूस काळा होतो आणि फोटो उगाच नाट्यमय होतो. माणसावर धरा, दार पांढरं झालं तरी चालेल. लीसुद्धा खोलीत फ्लॅश वापरायचा, कोपऱ्यातली वस्तूही दिसावी म्हणून. फ्लॅश म्हणजे खोटेपणा ही समजूत सोडा.

भिंती, पाट्या, दुकानांचे दर्शनी भाग काढताना अगदी समोर, काटकोनात उभे राहा. त्याच विभागातला वॉकर एव्हान्स मोठा ८×१० इंची कॅमेरा स्टँडवर लावून असे फोटो काढायचा. तिरपा कोन घेतला की फोटोग्राफर बोलतो, समोर उभं राहिलं की दुकान बोलतं.

वस्तू हलवू नका. १९३६ मध्ये स्ट्रायकरच्या विभागातल्या आर्थर रोथस्टाइनला साउथ डकोटाच्या बॅडलँड्समध्ये गुराची एक कवटी सापडली. त्याने ती थोड्या अंतरावर इकडून तिकडे ठेवून तिचे बरेच फोटो काढले, कुठे भेगाळलेल्या जमिनीवर, कुठे गवतावर. निवडणुकीचं वर्ष होतं. विरोधी वर्तमानपत्रांनी गवगवा केला की सरकारचे दुष्काळाचे फोटोच बनावट आहेत. दुष्काळ खरा होता, गुरं खरंच मरत होती, तरी वाद कवटीवर झाला. हलवलेली एक वस्तू तुमच्या न हलवलेल्या शंभर फोटोंना खाते. लग्नाच्या फोटोग्राफरला हे फार जड जातं. माझा हात आपोआप पडदा सारायला जायचा. शेवटी दोन्ही हात कॅमेऱ्यावरच ठेवायची सवय लावून घेतली.

वही

मी कॅमेरा विसरले तर वही घेऊन काम करते. वही विसरले तर परत जाते.

१९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ, मटारतोडणीच्या मजुरांच्या तळावर लँगने एका आईचा फोटो घेतला. तुम्ही तो पाहिला आहे: हनुवटीला हात, दोन्ही बाजूंना पाठमोरी मुलं. तिने वय विचारून घेतलं, ३२. नाव विचारलं नाही, हे तिनेच पुढे लिहिलं. फोटो छापून आल्यावर तळावर सरकारी अन्न पोचलं, पण तोवर ते कुटुंब पुढे निघून गेलं होतं. टायर विकून अन्न आणल्याचं लँगच्या टिपणात होतं. ते आमच्याबाबत खरं नाही, असं कुटुंबाने नंतर सांगितलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये. आणि ही चूक कुणाची? जिच्या टिपणांची शिस्त इतरांना उदाहरण म्हणून देतात, माणसं जसं बोलली तसंच्या तसं लिहून ठेवायची जिची पद्धत, तिची. एक थकलेला दिवस पुरतो.

म्हणून गल्लीचं वळण ओलांडायच्या आत लिहा. नाव, त्यांना हवं तसं. तारीख, वेळ, जागा. समोर काय चाललं होतं, आणि ते तसं का. ‘फळ्या रिकाम्या का आहेत?’ हा एक प्रश्न मी विचारला असता तर वर सांगितलेली गोष्ट घडलीच नसती. शिवाय त्यांचं एक वाक्य, त्यांच्याच शब्दांत. शिंप्याचं माझ्या वहीत आहे: ‘नवं कापड येतं तेव्हा माप घेतो, जुनं येतं तेव्हा घरातलं सगळं कळतं.’ असं वाक्य मिळालं की ‘मंदीचे चटके’ वगैरे लिहायची गरज पडत नाही. ‘हताश’, ‘भकास’, ‘केविलवाणा’ हे शब्द माझ्या ओळींत मी आता येऊच देत नाही.

ही माहिती फाइलच्या मेटाडेटात भरून ठेवा, नुसत्या वहीत नको, वह्या भिजतात. मूळ फाइल्सच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

निवड आणि प्रिंट

न आवडलेले फोटो पुसू नका. स्ट्रायकर सुरुवातीच्या वर्षांत नापसंत निगेटिव्हला भोक पाडायचा, फोटोग्राफर कितीही चिडले तरी. त्या भोकाच्या निगेटिव्ह आजही जपलेल्या आहेत. कुणाच्या तरी कपाळावर, कुठे आभाळात काळा गोल. सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्हचा तो संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि इंटरनेटवर फुकट बघता येतो. प्रसिद्ध फोटो सोडून एखाद्या गावाचे सगळे ओळीने बघत जा. बाजूचे, फसलेले, कंटाळवाणे फोटो जास्त शिकवतात.

निवड करताना मी एक ढीग वेगळा काढते: फोटो म्हणून उत्तम, पण बाहेर गेला तर कुणाची तरी उधारी तुटेल असे. ते बाहेर जात नाहीत. त्या ढिगात माझे सगळ्यात चांगले दोन फोटो आहेत.

बाकीच्यांच्या प्रिंट आधी त्या माणसांना, मग जगाला. मोबाइलवर पाठवलेला फोटो म्हणजे दिला असं धरू नका. कागद द्या, पाठीमागे तारीख लिहून. आणि तो ते कसा बघतात हे बघा. शिंप्याच्या बायकोने प्रिंट उजेडात धरली, नवऱ्याकडे पाहिलंच नाही, भिंतीवरच्या भेगेवर बोट ठेवून ‘हे दिसतंय’ म्हणाली. मग मशीनमागे बसलेल्या स्वतःच्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, ‘यातून माझा पासपोर्ट साइज निघेल का? फॉर्मला लावायचाय.’ निघत नव्हता. दाराबाहेर भिंतीपुढे उभी करून तिचा वेगळा काढला, मागे शिंप्याने अस्तराचं पांढरं कापड धरलं होतं. शेजारची दोघं-तिघं लगेच रांगेत. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक धुतलेली पांढरी चादर असते, आणि चार चिमटे.